पुण्यस्मरण कशाला म्हणावे?

वारकऱ्याला स्मरण हा शब्द नवा नाही. आमच्या संप्रदायाचे सारे साधन या एका शब्दात मावते. हातात नांगर असो वा तराजू, बाई जात्यावर बसलेली असो वा एस्.टी.च्या रांगेत उभी असो, मुखी नाम असावे एवढेच संतांचे मागणे. आता हे नामस्मरण म्हणजे नेमके काय, याचा वाचकांनी क्षणभर विचार करावा. नामाची थोरवी आपण ऐकतो, सांगतो. ते उत्तमच आहे. परंतु दिवसभर थोरवी सांगून ज्याने एकदाही नाम घेतले नाही, त्याला कोणी नामधारक म्हणेल काय? नाम घ्यावे लागते. आपल्याच जिभेने आणि आपल्याच श्वासाने घ्यावे लागते. काल घेतलेले आजच्याला पुरत नाही. पेटीत घालून वर कुलूप लावावे असे ते धनच नव्हे. घेतले की आहे, थांबले की नाही.

ही गोष्ट प्रत्येक माळकऱ्याला ठाऊक आहे. मग हाच शब्द माणसाच्या नावाला जोडला की त्याचा अर्थ का पालटतो? ‘अमुक बुवांचे पुण्यस्मरण’ असे म्हटले की आमच्या डोळ्यांपुढे मांडव येतो, हार घातलेली तसबीर येते, चार भाषणे येतात आणि शेवटी पंगत येते. यात वाईट काही नाही. पण यात स्मरण कोठे आहे आणि ते कोणी केले, हा प्रश्न आम्हांस हल्ली वारंवार पडतो. तोच आज भाविक वाचकांपुढे ठेवतो.

हा प्रश्न सगळ्याच गेलेल्या माणसांविषयी नाही. आईबापांचे स्मरण वेगळे, ग्रंथकाराचे वेगळे. ग्रंथकार गेला तरी ग्रंथ फडताळात राहतो. विहीर बांधणारा गेला तरी पाणी राहते, आणि पाणी शेंदणारी सून त्याचे नाव न घेताही त्याचे स्मरण करीत असते. पण ज्याचे सारे कर्तृत्व गळ्यात होते, किंवा जो दुसऱ्यांच्या पोरांच्या अंगात बळ आणि वळण उतरवीत जगला, त्याचे काय? भजन सांगणारा बुवा आणि तालमीतला वस्ताद ही दोन माणसे अशी आहेत की त्यांची मिळकत दिसत नाही, मोजता येत नाही आणि त्यांच्या देहाबरोबर निघून जाते. गाणे हवेत विरते, डाव मातीत पुसला जातो. दुसऱ्या दिवशी पुन्हा माती उकरायची, पुन्हा सूर लावायचा. अशांचे स्मरण कशाने व्हावे?

अशी माणसे महाराष्ट्रात गावोगाव होऊन गेली. कित्येक गावांत तर बुवा आणि वस्ताद हे दोघे एकच असत. पहाटे तालमीचे कुलूप काढायचे, हनुमंतापुढे दिवा लावायचा, हौदातली तांबडी माती उकरायची, ताक, तेल, हळद, लिंबू घालून ती मऊ राखायची, पोरांकडून जोर-बैठका काढून घ्यायच्या. आणि दिवेलागणीला तोच गडी सदरा बदलून, कपाळी बुक्का लावून देवळात हरिपाठाला उभा. सकाळी ज्या पोराची मान धरून डाव शिकवला, संध्याकाळी त्याच पोराच्या हातात टाळांची जोडी. त्यांची नावे कोणत्या पुस्तकात नाहीत. पण गावच्या पारावर बसलेल्या म्हाताऱ्याला विचारा. “आमच्या टायमाला बुवा होते ना...” एवढे म्हणून तो जो थांबतो, त्या थांबण्यात सगळे येते.

या दोन्ही विद्या एका देहात नांदल्या आणि त्याची आठवण साऱ्या महाराष्ट्रात राहिली, असे सर्वांच्या परिचयाचे उदाहरण म्हणजे वैकुंठवासी विष्णुबुवा जोग महाराज. त्यांचा जन्म १४ सप्टेंबर १८६७ चा, पुण्याचा. तरुणपणी कुस्तीची आवड आणि तालमीचा नाद. शरीर कमावलेले. लग्न केले नाही, आजन्म ब्रह्मचर्य पाळले. पुढे हाच मल्ल ज्ञानेश्वरीच्या आणि गाथेच्या आखाड्यात उतरला, आणि कीर्तन-प्रवचन हेच त्याचे आयुष्य झाले. तुकोबारायांची गाथा आणि माउलींचा अमृतानुभव त्यांनी सार्थ करून छापविला. १९१७ सालच्या गुढीपाडव्याला आळंदीत वारकरी शिक्षण संस्था सुरू केली. ५ फेब्रुवारी १९२० रोजी देह ठेवला.

त्यांचे चरित्र सांगताना तालमीचा भाग ही तरुणपणची एक हौस समजून आपण दोन वाक्यांत उरकतो आणि ‘पुढे त्यांना परमार्थाची गोडी लागली’ असे म्हणून मोकळे होतो. आमच्या मते थोडे तेथेच थांबले पाहिजे. जोग महाराजांनी तालीम सोडली असे आम्हांस वाटतच नाही. त्यांनी तालीम आळंदीला आणली. पाहा, तालमीत काय असते? ठरलेली वेळ असते. रोजची मेहनत असते. आज बरे वाटत नाही म्हणून सुटका नसते. पोर घर सोडून तालमीत राहते, लंगोटाची शपथ पाळते. थोरला पोर धाकट्याला खेळवतो. आणि सांगून काही भागत नाही. वस्तादापुढे करून दाखवावे लागते. आता आळंदीची संस्था पाहा. गावोगावची मुले घर सोडून येतात, माधुकरी मागून जेवतात, पहाटे उठतात, पाठांतर करतात, ब्रह्मचर्य पाळतात. ज्ञानेश्वरी, गाथा, गीता नुसती ऐकून चालत नाही. उभे राहून, चार माणसांसमोर, गाऊन आणि बोलून दाखवावी लागते. मातीच्या जागी ओवी आली. बाकी शिस्त तीच आहे. म्हणून जोग महाराजांना आम्ही कीर्तनकारांचे वस्ताद म्हणतो, आणि यात त्यांची थोरवी उणी होते असे आम्हांस वाटत नाही.

परंतु एका बाबतीत ते तालमीच्या रिवाजाला सोडून वागले. ‘वस्ताद एक डाव राखून ठेवतो’ ही म्हण सर्वांनी ऐकली असेल. शिष्य माजला, गुरूवरच उलटला, तर त्याला चीत करायला न शिकवलेला एक डाव हाताशी असावा, असे त्यातले शहाणपण. आखाड्यात ते शहाणपण असेलही. पण बुवाने हेच केले तर? एक चाल राखून ठेवली, एका अवघड अभंगाचा अर्थ राखून ठेवला, ‘मी असेपर्यंत माझ्याकडे या’ असे म्हणत राहिला, तर? तर ती चाल आणि तो अर्थ बुवाबरोबर चितेवर जातो. गावाला नुसती राख मिळते. त्या काळी वेदान्ताच्या अंगाने जाणाऱ्या अभंगांचा अर्थ फडावर, जाणत्यांच्या पायाशी वर्षानुवर्षे बसून मिळे. ती परंपरा थोरच आहे. पण ज्याला तसे बसायला मिळाले नाही, त्या खेड्यातल्या पोराने काय करावे? जोग महाराजांनी जे कळले ते छापून टाकले आणि जे छापता येत नाही ते शिकवण्यासाठी शाळा काढली. राखून काही ठेवले नाही.

आता एक हिशेब करा. संस्थेचा शिक्षणक्रम चार वर्षांचा आहे. पाडवा १९१७ ते फेब्रुवारी १९२० म्हणजे पुरती तीन वर्षेही भरत नाहीत. त्यातच १९१८ साली मानमोडीचा ताप आला आणि त्याने घरेच्या घरे ओस पाडली. वयाच्या बावन्नाव्या वर्षी महाराज गेले. म्हणजे ज्याला आपण शिक्षणाची एक पुरी फेरी म्हणू, तेवढा काळही संस्थापकाच्या हाती आला नाही. लोक तेव्हा म्हणाले असते, ‘महाराज होते तोवर ठीक होते,’ तर त्यात नवल नव्हते.

तसे झाले नाही. बंकटस्वामी, मारुतीबुवा गुरव, सोनोपंत दांडेकर अशा शिष्यांनी ते ओझे उचलले. बंकटस्वामींचे नाव मराठवाड्याच्या खेड्यांतून घरोघर झाले. सोनोपंत, म्हणजे आपले मामा, महाराज गेले तेव्हा जेमतेम तेवीस वर्षांचे होते. पुढे ते तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक झाले, पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. १९५३ साली त्यांच्या संपादनाखाली निघालेली ज्ञानेश्वरीची प्रत आजही घरोघर आहे. १९६८ साली मामाही गेले. एक शिष्य खेड्यात, एक महाविद्यालयात. बोलण्याची धाटणी वेगळी, श्रोते वेगळे. दोघांनी महाराजांची नक्कल केली असती तर निदान एकाची तरी फजिती झाली असती. त्यांनी नक्कल केली नाही. महाराज जे करीत होते ते केले. २०१७ साली संस्थेला १०० वर्षे पूर्ण झाली.

जोग महाराजांचा आवाज कसा होता? ज्यांनी तो ऐकला त्यांची पिढी केव्हाच गेली. पण हे वाचत असताना कोठल्यातरी वाडीत, आळंदीत शिकून गेलेला एखादा तरुण कीर्तनाला उभा असेल. मागे टाळकऱ्यांची ओळ असेल, वीणेकरी वीणा धरून असेल, मृदंगावर थाप पडत असेल. त्या तरुणाच्या मनात या क्षणी महाराजांचे नाव असेलच असे नाही. तरी स्मरण चालू आहे असे आम्ही म्हणतो.

आता दुसरी बाजू सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही एका गावी अशाच एका बुवांच्या पुण्यतिथीला गेलो होतो. गावाचे नाव सांगत नाही, कारण हे कोणत्याही गावी घडू शकते. बुवांनी चाळीस वर्षे गावात भजन सांगितले, पोरांना तालमीत खेळवले, असे एकामागून एक वक्ते सांगत होते. सांगणाऱ्यांचे डोळे भरून येत होते, आणि ते अश्रू खोटे नव्हते. मांडव मोठा होता, जेवण उत्तम होते. देवळाच्या भिंतीशी काचेच्या पेटीत बुवांचे टाळ ठेवले होते, त्यावर हार होता. भजनाची वेळ झाली तेव्हा मात्र कळले की गावात मृदंग वाजवणारे कोणी उरलेले नाही. शेजारच्या गावाहून वादक पैसे देऊन आणला होता. टाळकऱ्यांत साठीच्या आतला माणूस शोधावा लागला. तालमीकडे चौकशी केली तर तिच्यात मंडपाचे बांबू आणि खुर्च्या भरल्या होत्या. तेवढ्यात दहा-बारा वर्षांच्या एका मुलाने ती काचेची पेटी उघडली आणि टाळांना हात घातला. लगेच एक जाणते गृहस्थ ओरडले, “ए, ठेव ते खाली! बुवांचे टाळ आहेत ते, फुटतील!” पोरगा ओशाळला, टाळ ठेवून पळाला.

वाचकहो, त्या गृहस्थांच्या मनात बुवांविषयी अपार प्रेम होते. आम्हांस त्यांची निंदा करावयाची नाही. पण विचार करा. चाळीस वर्षे बुवांनी काय केले होते? असेच एखादे पोर धरून आणायचे आणि त्याच्या हातात टाळ द्यायचे, हेच केले होते. टाळ फुटले असते तर बाजारात दुसरे मिळाले असते. फुटले ते दुसरेच काही.

येथे जाणते वाचक काही शंका काढतील. त्यांचा विचार करणे अवश्य आहे.

पहिली शंका अशी की, गळा ही देवाची देणगी. ती शिकवून येते काय? बुवांसारखा आवाज लाखात एक. बरोबर आहे. पण तालमीत येणारा प्रत्येक पोर मैदान मारतो काय? शंभरांतला एखादा मारतो. उरलेल्या नव्याण्णवांच्या अंगात दम येतो, चालण्यात ताठपणा येतो, व्यसनापासून ते चार हात दूर राहतात. भजनाचेही तसेच आहे. बुवा एकटा गात नसतो. त्याने ध्रुपद सोडले की ते मागच्यांनी उचलावे लागते. ती झील नसेल तर गंधर्व आणला तरी वारकरी कीर्तन उभे राहत नाही. ज्याला सूर नाही त्याला लय येते, ज्याला लय नाही त्याला निदान पावलीत पाऊल टाकता येते. मृदंगाच्या डाव्या तोंडाला कणीक किती लावायची, हे जाणणारे पोरही भजनाला हवे असते. आणि आळंदीहून पंढरीपर्यंत सुमारे अडीचशे किलोमीटर, उन्हात आणि चिखलात, दिवे घाट चढत जो गातो, त्याला छाती कोठून मिळते? गळा देवाने दिला तरी दम मेहनतीनेच येतो. बुवा आणि वस्ताद यांचे नाते असे आहे.

दुसरी शंका रोजच्या बोलण्यातली आहे. “अहो महाराज, पोरं येतच नाहीत हो. त्यांना मोबाईल पाहिजे, परीक्षा आहेत, शिकली की शहरात जातात.” हे सगळे खरे आहे. पण आम्ही उलट विचारतो, पोरे येत नाहीत, की त्यांची वाट पाहणारे कोणी बसत नाही? वस्ताद तालमीत पोरांच्या आधी येत असे. एखाद दिवस एकही पोर आले नाही तरी तो माती उकरून ठेवीत असे. देवळात ठरल्या वेळी कोणी रोज बसले आहे, जवळ टाळांच्या दोन जोड्या जास्तीच्या आहेत, आणि डोकावणाऱ्या पोराला ‘ये बाळ, बस’ असे म्हणणारे माणूस आहे, अशी किती देवळे आपण सांगू शकतो? सहा महिने असे करून पाहावे आणि मग पोरांना दोष द्यावा. शहरात गेलेला पोरही फुकट जात नाही. पुण्या-मुंबईच्या चाळींत आणि वसाहतींत ज्यांनी भजनी मंडळे चालवली, ते गावच्याच देवळात शिकलेले होते.

तिसरी शंका अशी निघते: “आता काळजी नाही, बुवांचं सगळं मोबाईलमध्ये भरून ठेवलंय.” ठेवावे, अवश्य ठेवावे. जुन्या चाली त्यामुळे टिकतील, दूरच्या मुलाला ऐकायला मिळतील. हे साधन जोग महाराजांना मिळते तर त्यांनीही ते वापरले असते. छापखाना त्यांनी वापरलाच ना! पण यंत्र चूक सांगत नाही. पोराचा ठेका घसरला तरी ते आपले पुढे गात राहते. बुवा थांबतो, डोळे वटारतो, पुन्हा म्हणायला लावतो, आणि जमले की नुसती मान हलवतो. त्या मान हलवण्यासाठी पोर पुन्हा दुसऱ्या दिवशी येते. हे कोणत्या यंत्रात भरणार? शिवाय यंत्रातले गाणे ऐकताना आपण श्रोते असतो, आणि नामाप्रमाणेच भजनालाही नुसते श्रोते पुरत नाहीत.

चौथी शंका मात्र फसवी आहे, कारण ती भक्तीचा वेष घेऊन येते. “ते अवतारी पुरुष होते, आपल्याला कुठं जमणार?” हे वाक्य ऐकायला नम्र वाटते. आम्हांस त्याची भीती वाटते. गेलेल्या माणसाला आभाळाएवढा केला की त्याच्या मागे चालण्याची जबाबदारी आपोआप संपते. देवाची पूजा करायची असते, त्याची बरोबरी करायची नसते. म्हणून बुवाला देव केले की आपण सुटलो! पण बुवा माणूस होता. त्याला कंटाळा येत असे, थंडीत पहाटे उठणे त्याच्याही जिवावर येत असे. तो रागीट असेल, कधी कोणाला उगाच बोलला असेल, घरच्यांकडे त्याचे दुर्लक्षही झाले असेल. हे सारे झाकून जे स्मरण होते ते तसबिरीचे होते. आपल्यासारख्याच माणसाने हे केले, असे जेव्हा आठवते तेव्हाच मनाला टोचणी लागते आणि पाय उचलतात.

येथवर ज्यांना पटले, त्यांच्याही मनात एक खोल प्रश्न राहील, आणि तो आमच्याही मनात आहे. स्मरण म्हणजे काम पुढे नेणे, असे म्हटले तर खुद्द माणसाचे काय? शिष्याचा शिष्य गाईल, पण त्याला बुवांचा चेहरा ठाऊक नसेल. त्यांचे हसणे, टाळ घालतानाची ती मानेची लकब, पोरांना हाक मारण्याची रीत, हे सगळे आणखी एका पिढीत पुसले जाणार. मग जो माणूस आपल्याला प्रिय होता, तो हरवलाच की नाही?

होय, तेवढा तो हरवला. याला गोड उत्तर देऊन वाचकांना फसवणे बरे नव्हे. ज्यांचे प्रेम होते त्यांनी रडावे. रडण्याला संतांनी मनाई केलेली नाही. १२९६ साली ज्ञानेश्वर माउलींनी आळंदीत समाधी घेतली. त्या वेळचा शोक नामदेवरायांनी समाधीच्या अभंगांत गाइला आहे, आणि आजही तो प्रसंग कीर्तनात निघाला की फडावरची म्हातारी माणसे पदराने, उपरण्याने डोळे पुसतात. माउली ब्रह्मरूप आहेत, मग रडायचे कशाला, असे कोरडे ज्ञान नामदेवांनी स्वतःला सांगितले नाही. सखा गेला म्हणून ते मोकळेपणी रडले.

पण पुढे काय झाले ते पाहा. नामदेवराय समाधीपाशी बसून राहिले नाहीत. वीणा-टाळ घेऊन ते उत्तरेकडे निघाले आणि कीर्तन करीत करीत थेट पंजाबात गेले. तेथील घुमान गावी आजही त्यांचे स्थान आहे, आणि शीख बांधवांच्या गुरुग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत. भाषा निराळी, मुलूख निराळा. तेथल्या लोकांनी माउलींना कधी पाहिले नव्हते. पण ज्या आनंदाची चव नामदेवांनी आळंदी-पंढरीला माउलींच्या संगतीत घेतली, ती त्यांनी तिथवर नेली. शोक खोटा नव्हता आणि तो वायाही गेला नाही. रडणे आणि चालणे ही दोन्ही त्यांनी केली. आपण रडतो आणि बसतो; एवढाच काय तो फरक.

म्हणजे प्रश्नाचे उत्तर असे येते. गेलेल्या बुवाचे दोन भाग होते. एक त्याचा स्वतःचा, तो त्याच्याबरोबर गेला. त्यासाठी अश्रू आहेत, तसबीर आहे, वर्षातून एक तिथी आहे, आणि ज्यांनी पाहिले त्यांच्या जिवात तो जितके दिवस राहील तितके दिवस राहील. दुसरा भाग त्याचा कधी नव्हताच. तो त्याला कोणाकडून तरी मिळाला होता आणि पुढे देण्यासाठीच मिळाला होता. हा दुसरा भाग आपल्याकडे ठेव म्हणून आहे. ठेव परत करावयाची असते, आणि ती गेलेल्याला परत करता येत नाही. येणाऱ्यालाच देता येते. आपल्याला ज्याने शिकवले त्याचे ऋण आपण ज्याला शिकवू त्याच्याकडे फेडावे लागते. हे ऋण न फेडता नुसती तिथी साजरी करणे म्हणजे व्याजाचा पेढा वाटून मुद्दल बुडवण्यासारखे आहे.

पुण्यतिथ्या बंद कराव्या, पंगती मोडाव्या, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. अन्नदानासारखे पुण्य नाही, आणि सप्ताहाच्या निमित्ताने गाव एका मांडवाखाली येते हेही थोडे नव्हे. आमची विनंती इतकीच की, पुण्यतिथीच्या आधी मंडळींनी एकत्र बसून स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. मागच्या तिथीपासून या तिथीपर्यंत गावात नवे किती हात टाळाला लागले? बुवांची एखादी चाल अशी आहे का, की जी आता एकाच म्हाताऱ्याला येते. आणि असल्यास ती कोण शिकून घेणार? तालमीचे किंवा देवळाचे कुलूप रोज ठरल्या वेळी कोण काढणार? या प्रश्नांची उत्तरे मिळाली तर मांडव कितीही लहान असू द्या, पुण्यस्मरण झाले असे समजावे. जमल्यास त्या दिवशी भाषणांतले एक कमी करावे आणि तेवढा वेळ एखाद्या पोराला उभे करावे. त्याचा सूर चुकेल, ठेका घसरेल, लोक हसतील. हसू द्या. बुवाही कधीतरी असाच उभा राहिला असेल आणि तेव्हाही लोक हसले असतील.

आणि ज्या देवळात गेलेल्या बुवांचे टाळ काचेत ठेवले असतील, तेथील मंडळींना आमचे हात जोडून सांगणे आहे की, ती पेटी उघडावी. टाळ पुसून, दोरी नवी ओवून, गावातल्या सर्वांत धाकट्या टाळकऱ्याच्या हाती द्यावेत, आणि त्याला कसे धरायचे ते जवळ बसून दाखवावे.

रामकृष्णहरि.